निश्चल पायांना विजेची चालना: शिरांतील गुठळ्या खरोखर टळतात का?

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, पक्षाघातानंतर किंवा मांडीचे हाड मोडल्यानंतर जो रुग्ण दिवसेंदिवस अंथरुणाला खिळून राहतो, त्याच्या पायांतील खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. डॉक्टर या विकाराला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, थोडक्यात डीव्हीटी, म्हणतात. गुठळी पायातच राहिली तर पाय सुजतो आणि दुखतो. तिच्यामुळे शिरेतील झडपा कायमच्या निकामी झाल्या तर ती सूज पुढे वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाही. तिचा तुकडा सुटला तर मात्र तो रक्ताबरोबर वर सरकत, हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो, आणि तुकडा मोठा असेल तर काही मिनिटांत माणूस दगावू शकतो. शिरांतील गुठळ्यांचे जगभरात दरवर्षी सुमारे १ कोटी रुग्ण होतात असा अंदाज आहे, आणि त्यांतला मोठा वाटा रुग्णालयातील मुक्कामात किंवा तेथून घरी परतल्यानंतरच्या तीन महिन्यांत आढळतो. धोका कोणाला आहे आणि तो कधी वाढणार आहे, हे इतके आधी कळणारे आजार फार थोडे असतात. म्हणूनच या आजारात उपचारापेक्षा प्रतिबंधावर जास्त विचार झालेला आहे.

प्रतिबंधाचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे हेपरिनसारखी रक्त गोठण्याची क्रिया मंदावणारी औषधे. त्यांच्या जोडीला किंवा त्यांच्याऐवजी पायांवर घट्ट मोजे चढवले जातात, किंवा हवेने फुगणाऱ्या आणि ओसरणाऱ्या पिशव्या पोटऱ्यांभोवती गुंडाळल्या जातात. या यादीत तुलनेने कमी चर्चा होते ती आणखी एका उपायाची: पोटरीच्या स्नायूंना किंवा त्यांच्या मज्जातंतूंना विजेची बारीक स्पंदने देऊन स्नायू आकुंचित करायचे आणि रुग्ण चालत नसतानाही चालण्याचे निदान एक काम पायांकडून करवून घ्यायचे. कल्पना सरळ आणि पटण्यासारखी आहे. मात्र ‘रक्त हलले’ आणि ‘गुठळी टळली’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि या उपायाबद्दलचे बहुतेक गैरसमज ही दोन विधाने एकच मानल्यामुळे होतात.

पोटरी हे काम कसे करते

धमन्यांमधील रक्ताला हृदयाच्या ठोक्याचा जोर असतो. केशवाहिन्यांच्या जाळ्यातून पार होऊन ते शिरांमध्ये येते तेव्हा त्या जोरातला फारच थोडा अंश शिल्लक उरतो, आणि उभ्या माणसाच्या पावलापासून हृदयापर्यंत त्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जवळजवळ सव्वा मीटर चढायचे असते. स्थिर उभे राहिलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरइतका दाब असतो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच तो दाब ३० मिलिमीटरच्याही खाली उतरतो. हा फरक पोटरीमुळे पडतो. पोटरीचे स्नायू एका चिवट आणि फारशा न ताणल्या जाणाऱ्या आवरणात बंदिस्त असतात, त्यामुळे ते आकुंचित होऊन फुगले की त्यांच्यामधल्या आणि आतल्या शिरा पिळल्या जातात. पिळलेले रक्त खाली जाऊ शकत नाही, कारण शिरांमधील झडपा फक्त वरच्या दिशेला उघडतात. या झडपांचे सविस्तर वर्णन इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १६०३ साली केले होते, पण त्या नेमक्या कशासाठी आहेत हे त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडताना दाखवून दिले.

पोटरीच्या दोन मुख्य स्नायूंपैकी आत, हाडाच्या बाजूला असलेल्या सोलियस या स्नायूकडे इथे विशेष लक्ष द्यायला हवे. त्याच्या पोटात शिरांच्या रुंद, पिशवीसारख्या पोकळ्या असतात आणि त्यांना स्वतःच्या झडपा नसतात. स्नायू हलत असेल तर या पोकळ्या पुन्हा पुन्हा रित्या होतात. तो स्तब्ध असेल तर त्यांत रक्त नुसते साचून राहते. शस्त्रक्रियेनंतरच्या कित्येक गुठळ्यांचा उगम याच भागात सापडतो. दुसरी धोक्याची जागा म्हणजे झडपेच्या पाकळीमागचा खोलगट कप्पा. प्रवाह मंदावला की त्या कप्प्यातले रक्त जागच्या जागी घुटमळते, त्यातला प्राणवायू कमी होत जातो, शिरेच्या आतल्या अस्तराच्या पेशी बिथरतात आणि रक्त गोठू न देण्याचे आपले नेहमीचे काम सोडून देतात. तांबड्या पेशी आणि फायब्रिन या प्रथिनाचे धागे यांचा पहिला थर बहुतेकदा तिथेच बसतो.

रक्त साकळण्याची कारणे तीन गटांत बसवता येतात: प्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. ही मांडणी जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो याच्या नावाने ओळखली जाते. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाते हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यानेच पटवून दिले, आणि त्याचा जन्मदिवस असलेला १३ ऑक्टोबर आज जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. शस्त्रक्रियेच्या रुग्णात ही तिन्ही कारणे एकत्र येतात. भुलीमुळे आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांमुळे पोटरी अगदी सैल पडते, चिरफाडीने ऊतींना इजा होते, आणि त्या इजेला उत्तर म्हणून शरीर रक्त गोठवणारे घटक वाढवते. विजेचे उत्तेजन यांपैकी मुख्यतः पहिल्याच कारणावर काम करते. प्रवाहाला वेग आला की अस्तराच्या पेशी गुठळी विरघळवणारे आणि शिरा सैलावणारे काही पदार्थ अधिक सोडतात, त्यामुळे थोडा अप्रत्यक्ष फायदाही होत असावा. परंतु कर्करोगामुळे किंवा अनुवंशिक दोषामुळे ज्याचे रक्तच गोठण्याकडे झुकलेले आहे, त्याच्या बाबतीत केवळ पोटरी हलवून सारे भागेल अशी अपेक्षा धरता येत नाही.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा प्रयोग

विजेने स्नायू आकुंचन पावतो, हे इटालियन शास्त्रज्ञ गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरचे आपले प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केल्यापासून जगाला ठाऊक आहे. ते ज्ञान शस्त्रक्रियेच्या टेबलावर गुठळ्या टाळण्यासाठी वापरण्याचे प्रयत्न मात्र १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये सुरू झाले. भूल दिलेल्या रुग्णाच्या पोटरीवर इलेक्ट्रोड लावून शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत ठरावीक अंतराने विजेचे स्पंदन द्यायचे, अशी ती पद्धत होती. १९७० साली ब्राउझ आणि नेगस या दोन शल्यवैद्यांनी तिची जी चाचणी घेतली, तिची आखणी आजही कौतुकास्पद वाटते. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या एकाच पायाला उत्तेजन दिले आणि दुसरा पाय तसाच ठेवला. त्यामुळे वय, वजन, आजार, शस्त्रक्रियेची लांबी, रक्ताची प्रवृत्ती यांपैकी कशाचाही फरक दोन गटांत उरला नाही. तुलना एकाच माणसाच्या दोन पायांमध्ये झाली.

गुठळी शोधण्याची त्या काळातली रीतही समजून घेण्यासारखी आहे. रुग्णाच्या रक्तात किरणोत्सारी आयोडीन जोडलेले फायब्रिनोजेन, म्हणजे ज्यापासून फायब्रिनचे धागे बनतात ते प्रथिन, टोचले जाई. कुठे गुठळी बनू लागली की हे फायब्रिनोजेन तिच्यात विणले जाई आणि त्या जागी किरणोत्सार वाढे. मग रोज मोजणीचे यंत्र मांडीपासून घोट्यापर्यंत ठरावीक खुणांवर टेकवत खाली सरकवायचे आणि कालच्यापेक्षा आज कोणत्या खुणेवर आकडा चढला ते पाहायचे. डोळ्यांना किंवा हातांना जाणवणार नाहीत अशा बारीक गुठळ्याही त्यातून सापडत. या मोजणीत उत्तेजन दिलेल्या पायांमध्ये गुठळ्या स्पष्टपणे कमी निघाल्या. दोनच वर्षांनी, १९७२ साली, निकोलाइडिस आणि सहकाऱ्यांनी स्पंदन किती लांबीचे आणि मिनिटाला किती वेळा द्यावे म्हणजे शिरेतून सर्वाधिक रक्त पुढे ढकलले जाते, याचाही अभ्यास मांडला.

इतकी चांगली सुरुवात होऊनही ही पद्धत मागे पडली, आणि याला दोन कारणे होती. पहिले कारण वेदना. पोटरीच्या स्नायूला पुरेसे जोरात आकुंचित करणारे त्या वेळचे स्पंदन जाग्या माणसाला सोसवत नसे, त्यामुळे भूल उतरली की उपचार थांबवावा लागे. उलट गुठळीचा धोका त्यानंतरही कित्येक दिवस टिकतो. दुसरे कारण हेपरिन. १९७५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कक्कर आणि सहकाऱ्यांची बहुराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यातील ४,१२१ रुग्णांपैकी ज्यांना हेपरिन दिले नव्हते त्यांच्या गटात फुप्फुसातील गुठळीने १६ मृत्यू झाले, तर कमी मात्रेत हेपरिन दिलेल्या गटात २. एका टोचणीने मृत्यू टळतात असा आकडा हाती आल्यावर तारांची आणि यंत्रांची खटपट कोण करत बसणार?

करंट नेमका कशाला द्यायचा

सामान्य बोलण्यात आपण ‘स्नायूला करंट दिला’ असे म्हणतो, पण आजच्या बहुतेक यंत्रांमध्ये वीज स्नायूला नव्हे, तर त्याच्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूला डिवचते. मज्जातंतू चेतवायला सेकंदाच्या काही दहाहजाराव्या भागाइतके अत्यल्प स्पंदन पुरते. ज्याचा मज्जातंतू नष्ट झाला आहे असा स्नायू थेट चेतवायचा झाला, तर याच्या कित्येक पटींनी लांब स्पंदन लागते. स्पंदन जितके आखूड, तितके ते त्वचेतील वेदनावाहक तंतूंना कमी टोचते. म्हणून मज्जातंतू त्वचेच्या अगदी जवळून जातो अशी जागा निवडून तिथे आखूड स्पंदन दिले, तर जाग्या माणसालाही ते सहन होते. शिवाय स्पंदनाची दिशा आलटून पालटून उलट ठेवतात. तसे केले नाही आणि वीज एकाच दिशेने वाहत राहिली, तर इलेक्ट्रोडखाली रासायनिक बदल होऊन कातडी भाजल्यासारखी होऊ शकते.

अशी सोयीची जागा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला आहे. तिथे किंचित खाली बोटाला हाडाचा एक छोटा उंचवटा लागतो. पायाचे पाऊल वर उचलणारा आणि बाहेर वळवणारा मज्जातंतू त्या उंचवट्याला वळसा घालून जवळजवळ त्वचेखालूनच पुढे जातो. त्यावर चिकटपट्टीसारखे लावण्याचे एक छोटे, बॅटरीवर चालणारे यंत्र गेल्या काही वर्षांत वापरात आले आहे. परिचारिका जागा पुसून कोरडी करते, पट्टी उंचवट्यावर मागच्या बाजूने वळवून बसवते, आणि बटण दाबत एकेक पायरी वाढवत पावलाकडे पाहत राहते. सुरुवातीच्या पायऱ्यांवर रुग्णाला नुसती टिचकी मारल्यासारखी जाणीव होते आणि पाऊल स्थिर असते. मग एका पायरीवर पावलाची बाहेरची कड आणि बोटे दर सेकंदाला हलकेच उचलली जाऊ लागतात. ती हालचाल दिसली की पायरी तिथेच ठेवायची. पट्टी बोटभर जरी सरकली तरी पाऊल थांबते, आणि पाऊल थांबले म्हणजे यंत्राचा दिवा लुकलुकत असला तरी उपचार बंद पडलेला असतो. एवढी एकच गोष्ट नातेवाइकांनी लक्षात ठेवली तरी पुष्कळ आहे.

दर सेकंदाला एक छोटा हिसका देणे हा झाला एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात पोटरीवरच मोठे इलेक्ट्रोड लावून काही सेकंद सलग, दाट स्पंदने देतात, स्नायू घट्ट आवळला जातो, आणि मग त्याला विसावा दिला जातो. विसावा अपरिहार्य आहे, कारण आवळलेल्या स्नायूतील शिरा पुन्हा भरल्याच नाहीत तर पुढच्या वेळी पिळायला रक्तच उरत नाही. छोट्या हिसक्याने प्रत्येक वेळी थोडेच रक्त सरकते पण स्नायू तासन्‌तास दमत नाही. घट्ट आकुंचनाने जास्त रक्त सरकते पण स्नायू लवकर थकतो. आपण स्वतः पाय हलवतो तेव्हा मेंदू स्नायूतील तंतूंचे गट पाळीपाळीने कामाला लावतो. वीज मात्र इलेक्ट्रोडजवळच्या त्याच त्या गटाला, एकाच क्षणी आणि दर वेळी राबवते. थकवा त्यामुळेच लवकर येतो.

मज्जातंतूवरच सारे अवलंबून असल्याने हा उपाय कोणाला लागू पडेल, हे बरेचसे आधीच सांगता येते. पक्षाघातात किंवा मज्जारज्जूच्या वरच्या भागाला झालेल्या इजेत रुग्णाला पाय हलवता येत नाही, पण मज्जारज्जूपासून पायापर्यंतचा मज्जातंतू आणि स्नायू शाबूत असतात, त्यामुळे तिथे पाऊल हलते. पाठीच्या कण्यात दिलेल्या भुलीतही हलते, कारण भुलीचा अडथळा वर आहे आणि वीज त्याच्या खाली दिली जाते. याउलट गुडघ्याजवळचा तो मज्जातंतूच तुटला असेल, दीर्घकाळच्या मधुमेहाने खराब झाला असेल, किंवा अतिदक्षता विभागात स्नायू पूर्ण शिथिल करणारे औषध चालू असेल, तर आखूड स्पंदनांनी पाऊल हलणार नाही. पायाला खूप सूज असेल तर वीज मज्जातंतूपर्यंत पोहोचण्याआधीच पसरून जाते. थोडक्यात, ज्या अत्यवस्थ रुग्णांना या उपायाची गरज सर्वाधिक असते, त्यांच्यापैकी काहींमध्ये तो नीट चालतच नाही. ही अडचण जाहिरातींच्या पत्रकांत सहसा सापडत नाही.

वेग वाढला, पण गुठळ्या कमी झाल्या का

डॉप्लर सोनोग्राफीने पाहिले तर उत्तेजन सुरू होताच गुडघ्यामागच्या आणि मांडीच्या शिरेतील रक्ताचा वेग वाढलेला दिसतो. हे अनेक अभ्यासांत दिसले आहे आणि त्याबद्दल वाद नाही. पण मोजला जाणारा वेग बहुधा हिसक्याच्या क्षणीचा सर्वाधिक वेग असतो. मिनिटभरात एकूण किती रक्त पुढे गेले, झडपेमागच्या कप्प्यातले रक्त खळबळून निघाले का, आणि शेवटी गुठळी झाली की नाही, हे तीन निराळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे त्याच क्रमाने अधिकाधिक दुर्मीळ होत जातात.

हा भेद किती महत्त्वाचा आहे हे घट्ट मोज्यांनी आणि हवेच्या पिशव्यांनी शिकवले आहे. मोज्यांमुळे शिरांचा व्यास कमी होतो आणि रक्त वेगाने वाहते, हे मान्यच होते, म्हणून वर्षानुवर्षे ते पक्षाघाताच्या रुग्णांना सर्रास घातले जात. २००९ साली २,५१८ रुग्णांच्या चाचणीत मांडीपर्यंतच्या मोज्यांचा प्रत्यक्ष परिणाम तपासला गेला. गुडघ्यामागच्या आणि मांडीच्या खोल शिरांतील गुठळ्यांचे प्रमाण मोजे घातलेल्यांत १०.० टक्के आणि न घातलेल्यांत १०.५ टक्के निघाले, म्हणजे व्यवहारात फरक शून्य. उलट कातडी फाटणे, फोड आणि जखमा यांचे प्रमाण मात्र १ टक्क्यावरून ५ टक्क्यांवर गेले. त्याच संशोधकांनी पुढे हवेच्या पिशव्या तपासल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत पक्षाघाताने हालचाल थांबलेल्या २,८७६ रुग्णांमध्ये पहिल्या ३० दिवसांत हे प्रमाण १२.१ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांपर्यंत उतरले. इथे यांत्रिक उपाय खरोखर उपयोगी पडला. मग २०१९ साली अतिदक्षता विभागातील २,००३ रुग्णांवर, ज्यांना हेपरिनसारखे औषध चालूच होते अशांवर, त्याच पिशव्यांची भर घालून पाहिली तर पिशव्यांसह ३.९ टक्के आणि त्यांच्याशिवाय ४.२ टक्के असा निकाल आला, म्हणजे पिशव्यांनी काहीच साधले नाही. रक्त हलवण्याचे तत्त्व तिन्ही वेळी तेच होते. निकाल बदलला तो साधन कोणते, रुग्ण कोणता आणि त्याला आधीच कोणते संरक्षण मिळते आहे यांवरून.

विजेच्या उत्तेजनाची अशी, हजारो रुग्णांची आणि ठाम निकालाची चाचणी अजून आपल्या हाताशी नाही. जे अभ्यास आहेत ते बहुतेक लहान आहेत, त्यांतले बरेच जुने आहेत, आणि प्रत्येकाची यंत्रे, स्पंदने व रुग्ण वेगवेगळे आहेत. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली उपलब्ध चाचण्या एकत्र करून पाहिल्या. काहीच प्रतिबंध न करण्याच्या तुलनेत उत्तेजनाने पायांतील गुठळ्या कमी झाल्याचे, पण कमी मात्रेतील हेपरिनच्या तुलनेत त्या जास्त झाल्याचे त्या आढाव्यात दिसले. आणि हा पुरावा कमी दर्जाचा आहे, असा स्पष्ट शेराही तिथेच दिलेला आहे. कोणते उपचार वापरावेत याचे मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१४ साली गुडघ्याजवळ चिकटवण्याच्या यंत्राबद्दल जे मार्गदर्शन दिले, त्याचा सूरही असाच मोजूनमापून होता: ज्यांना गुठळीचा धोका मोठा आहे, आणि ज्यांच्यासाठी औषधे व इतर यांत्रिक साधने अव्यवहार्य किंवा निषिद्ध आहेत, अशा रुग्णांसाठी ते वापरावे. माझ्या मते ही मर्यादा अगदी योग्य जागी घातलेली आहे. हेपरिन चालत असलेल्या रुग्णाचे हेपरिन बंद करून त्याला वीज देणे, हे आजच्या पुराव्याच्या आधारे समर्थनीय ठरत नाही.

हेपरिन न चालणारे रुग्ण कमी नसतात. मेंदूत नुकताच रक्तस्राव झालेल्या रुग्णाला पहिल्या दिवसांत रक्त गोठणे रोखणारे औषध देणे म्हणजे जिवाशी खेळ. मोठ्या अपघातात अनेक ठिकाणी जखमा असलेल्यांचे, किंवा प्लेटलेट पेशी फार कमी झालेल्यांचे तेच. त्यांच्यापैकी बहुतेकांना हवेच्या पिशव्या लावता येतात आणि पुरावा अधिक असल्यामुळे आधी त्याच लावाव्यात. पण पोटरीवर प्लास्टर, बाह्य पट्ट्या किंवा उघडी जखम असेल, किंवा पिशव्यांचा घाम आणि आवळण्याचा त्रास रुग्णाला सोसवत नसेल, तर पर्याय झपाट्याने संपत जातात. गुडघ्याजवळची एक छोटी पट्टी आणि हलणारे पाऊल यांना खरी किंमत येते ती या टप्प्यावर.

कोणाला देऊ नये

पायात आधीच गुठळी आहे, किंवा असल्याचा संशय आहे, तर प्रतिबंधासाठीचे उत्तेजन सुरू करू नये, कारण स्नायूच्या हिसक्याने ताजी, सैल गुठळी सुटण्याची भीती असते. म्हणूनच कित्येक दिवस काहीही प्रतिबंध न करता पडून राहिलेल्या रुग्णाला अचानक करंट देण्यापूर्वी पायांच्या शिरांची सोनोग्राफी करून घेणे शहाणपणाचे ठरते. हृदयात पेसमेकर किंवा तत्सम विद्युत उपकरण बसवलेले असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय कोणतेही उत्तेजन देऊ नये. इलेक्ट्रोडच्या जागची कातडी फाटलेली, संसर्ग झालेली किंवा बधिर असेल तर जागा बदलावी किंवा उपाय सोडून द्यावा. बधिर कातडीखाली इजा होत असली तरी रुग्ण ती सांगू शकत नाही. गर्भवतींनी आणि अपस्माराच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अशा यंत्रांच्या वाटेला जाऊ नये.

बाजारात ऑनलाइन मिळणाऱ्या यंत्रांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. वेदना कमी करण्यासाठीचे टेन्स यंत्र स्पर्शवाहक तंतूंना चेतवण्यासाठी बनवलेले असते. त्याने मुंग्या आल्यासारखे वाटते, पण सामान्य वापरात स्नायू आकुंचन पावत नाही, आणि आकुंचन नाही तर शिरेतील रक्तावर परिणाम नाही. व्यायामासाठी विकले जाणारे पट्टे आणि पोशाख स्नायू आवळतात खरे, पण गुठळी टाळण्यासाठी त्यांची तपासणी झालेली नसते. पाय ठेवून बसायच्या कंप पावणाऱ्या पाट्या तर याहून वेगळ्या. त्यांत बहुधा वीज पायाला मिळतच नाही. लांबच्या प्रवासात निरोगी माणसाने यांपैकी काही विकत घेण्यापेक्षा दर थोड्या वेळाने उठून चार पावले टाकावीत, आणि बसल्या जागी टाच टेकवून पंजे वर, मग पंजे टेकवून टाचा वर, असे करत राहावे. स्वतः केलेले आकुंचन विजेने घडवलेल्या आकुंचनापेक्षा केव्हाही सरस, कारण त्यात सगळे तंतू पाळीने भाग घेतात आणि पाऊल, पोटरी व मांडी तिन्ही एकामागून एक रक्त वर ढकलतात. शस्त्रक्रियेच्या रुग्णालाही डॉक्टरांनी परवानगी देताच उभे करून चालवण्याला तोड नाही.

एका पायाला अचानक सूज येणे, पोटरी दुखणे किंवा गरम लागणे, तसेच अकारण धाप लागणे, छातीत श्वासाबरोबर कळ येणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे यांपैकी काहीही दिसले, तर उत्तेजन बंद करून तातडीने डॉक्टरांकडे जावे. ही लक्षणे असताना पाय चोळणे किंवा मालिश करणेही टाळावे.

खुब्याचा सांधा बदलल्यानंतर गुठळीचा धोका रुग्णालयातून सुट्टी मिळाल्यावर संपत नाही. म्हणून अशा रुग्णांना रक्त गोठणे रोखणारे औषध सुमारे ३५ दिवसांपर्यंत दिले जाते. औषध न चालणाऱ्यांसाठी हवेच्या पिशव्या आणि त्यांचे पंप घरी नेणे अवघड असते, आणि छोटे चिकटणारे यंत्र तिथे सोयीचे वाटते. अशा वेळी रुग्णालयातून निघण्यापूर्वी रुग्णाने आणि घरच्या एका माणसाने पट्टी स्वतःच्या हाताने काढून पुन्हा लावून दाखवावी, पाऊल किती हलले की पुरे ते डोळ्यांनी पाहून घ्यावे, दिवसातून किती तास यंत्र चालू ठेवायचे आणि बॅटरी किती वेळ पुरते ते लिहून घ्यावे, आणि पाऊल हलेनासे झाल्यास किंवा कातडी लाल झाल्यास कोणाला फोन करायचा हे विचारून ठेवावे.